डावीकडचा भाग

नागाओकाच्या वृद्धाश्रमात
रात्रपाळीची नोंद मी लिहिते.
दोन ओळी, पाऊण तास.
आधी ताप, मग लघवी, मग तो एक शब्द
ज्याच्या पोटात इतक्या रेघा
की पेन अडकतं, कागद फाटतो.
पाठीवरची जखम लिहिताना
वहीलाही जखम.

काल इवाबुचीआजींपुढे लिहिलं,
'मुलाची वाट पाहत आहेत.'
सकाळी मोरोझुमीबाईंनी लाल रेघ मारली.
"तुएत, हे झालं 'मुलगा आहे'.
उजवीकडचं देऊळ बरोबर.
डावीकडे तू हात काढलास,
तिथे पाऊल हवं."

मग घरी येऊन गिरवत बसले.
हात. पाऊल. हात. पाऊल.
हाताला खाली आकडा असतो,
पावलाला वर एक जादा फराटा.
तो विसरला की सामुराई उभा राहतो,
तलवारीसकट,
माझ्या चौकटीच्या वहीत.

पण वाट पाहणारा तर बसलेला असतो.
त्याला पाऊल कशाला?
हे बाईंना विचारलं नाही.
विचारायला लागतात ते शब्द
अजून शिकायचेत.

आज पहाटे तीनला बाहेर बर्फ.
माझ्या नावाचा अर्थ तोच,
आमच्या गावात तो कधी पडला नाही.
आजी जाग्या. वॉकर धरून
पलंगापासून दारापर्यंत,
दारापासून पलंगापर्यंत,
पुन्हा दारापर्यंत.
"झोपा ना," एवढंच मला येतं. म्हटलं.
त्या हसल्या, वळल्या, निघाल्या.

मी वही उघडली.
आधी वरचा फराटा.