गोमाळ, खराबा

खिळेगावच्या वर, जिथं मोबाईल
दर पन्नास पावलांनी राज्य बदलतो,
मी चुन्याची पिशवी घेऊन बिळं मोजायला गेलो.
पहाणीत नोंद आहे: गोमाळ, खराबा.
साहेबांना आकडा हवाय.

लगमव्वा मेंढ्यांमागून ओरडली,
"ते दार न्हवं, खिडकी हाय ती!
दार तिकडं, बोरीच्या बुडाला."

पँटभर कुसळं घेऊन उकिडवा बसलो.
हरणा उंदरानं रात्रीत उपसलेली माती,
खालच्या थरातली, अजून गार.
भोवती नुसता मुरूम;
त्या ढिगावर तेवढा पवन्या हिरवा.

जुन्या बिळात फुरसं असतं, ती म्हणाली,
त्याहून जुनं खोकडीनं रुंद करून घेतलंय, तीन पोरं आहेत,
आणि ढासळलेल्यात पाणी मुरतं.
ते तिच्या बापाच्या विहिरीला सात वर्षांनी लागलं.
सात की सतरा, तिला नक्की आठवेना.

हद्दीचा दगड कलला होता.
बीळ त्याच्या पोटाखालून गेलेलं,
तोंड कर्नाटकात,
बाळंतिणीची खोली बहुधा पलीकडं.
वहीत रकाना एकच.

दिवस कलल्यावर तिनं काठी
जमिनीवर तीनदा ठोकली.
"इली," म्हणाली, मग माझ्यासाठी, "उंदीर."
मग बोटानं गप्प बसवलं.

खालून कुणीतरी पाय आपटले.
भरभर, रागानं,
घरात माणसं असल्यासारखे.

चुना एकशे नव्वदवर संपला.
आकड्यापुढं मी अधिकचं चिन्ह काढलं
आणि वाट सोडून, बिळं चुकवत, खाली उतरलो.