उंची: चार फूट

आल्तिनोवरच्या या खोलीत डिसेंबरातही पंखा लागतो,
पण लावत नाही आम्ही. पाकिटं उडतात.

दगडफुलाची एकच जात, दोनशे बारा पाकिटं.
लॅटिन नाव सगळ्यांचं एक, कागद मात्र
मिळेल तो: खताच्या दुकानाची पावती,
तियात्राचं हस्तपत्रक,
एकावर कुणाच्या तरी महिन्याच्या मिसाचं आमंत्रण.
घडी उलगडली की राखेच्या रंगाची कुरळी साल
आणि डांबरगोळीचा वास.

माझं काम टंकायचं.
जागा, तारीख, झाड, उंची, संग्राहक.
रकाना मोकळा सोडला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही.

नकाशावर ठिपके पडत जातात:
मोले, सुर्ल, खोतीगाव,
खाली कारवार, केरळ, मग समुद्र ओलांडून श्रीलंका.
पहिल्या आठवड्यात वाटलं, ही त्याची वस्ती.
तिसऱ्यात कळलं,
ठिपके जुन्या कारेराच्या थांब्यांजवळ दाटतात.
मधलं पांढरं म्हणजे तिथे ते नाही, असं नव्हे.
तिथे कुणी उतरलं नाही.

कायतान बार्रेत, शाळामास्तर. सत्तावन्न पाकिटं त्यांची.
फणस, चार फूट.
आंबा, चार फूट.
किंदळ, चार फूट.
मी हसले, हे काय फूटपट्टी घेऊन वाढतं?
मग फायलीत एक पत्र सापडलं, गुडघ्याबद्दल.
वाकता येत नव्हतं त्यांना. चढणं तर दूरच.
म्हणजे गोव्यातली निम्मी झाडं आपण
एका माणसाच्या छातीएवढीच ओळखतो.

एकाच पाकिटावर बावीस फूट.
नेत्रावळी, सोळा जानेवारी एकाहत्तर,
किंदळीची फांदी. संग्राहक बार्रेत.
खाली पेन्सिलीनं, पुसट: मुलगा चढला.

पाकीट बाहेर नेता येत नाही. मी नेलं.

तीन घरं विचारून कुळागरात सापडला शाणू वेळीप,
सुपाऱ्या निवडत होता.
मान वर न करता म्हणाला,
"चड म्हणलें ताणें, चडलों. पाव दिलो एक."
किंदळ कुठली, तेही हातानं दाखवलं.
तिथे आता पाण्याची टाकी आहे.
बायको आतून म्हणाली, शागुतीला घालतात तेंच न्हय हें?
ते सांग्याच्या बाजारात पुडीत मिळतं.
मी म्हटलं, त्याचं चुलत भावंड.

शाणूनं अंगठा जिभेला लावला
आणि मी काही म्हणायच्या आत
सालीची कड दाबली.
चोपन्न वर्षांचा करडा रंग
अंगठ्याएवढाच हिरवा झाला.
"तेन्नाय असोच आसलो," म्हणाला, आणि पुन्हा सुपाऱ्या.

सोमवारी टंकलं: संग्राहक, शाणू वेळीप.
यंत्र म्हणालं, हे नाव यादीत नाही.
जोडलं. वीज गेली. पुन्हा जोडलं.
वय विचारायचं राहिलंच,
अंदाजे अकरा लिहिलं.

आणि शेऱ्यात, नियमाप्रमाणे:
नमुन्याची कड एके ठिकाणी ओली झाली आहे.