अपूर्णविराम

जुन्या सीबीएससमोर, सीट कव्हरच्या दुकानावरच्या खोलीत
माझ्याकडे एक फाइल आली आहे.
दोनशे चौदा ओळी. निंबा खैरनारांनी
निवृत्तीआधीच्या तीन आठवड्यांत
दोन बोटांनी टाइप केलेल्या.

आधी थांब्याचं नाव. मग अपूर्णविराम.
मग वेळा, स्वल्पविराम देत देत:

ढकांबे: ६:१०, ७:४५, ११:२०

सोपं वाटलं. अपूर्णविरामावर ओळ तोडायची,
डावीकडे नाव, उजवीकडे वेळा.
तोडली.
ढकांब्याला नुसते सहा वाजले.
दहा मिनिटं सांडली कुठंतरी,
आणि पावणेआठची गाडी
सात एकीकडे, पंचेचाळीस दुसरीकडे
अशी दिंडोरी रोडवर पडून राहिली.
नावापुढे जी दोन टिंबं, तीच घड्याळाच्याही पोटात;
मी मात्र दिसेल तिथं कात्री चालवलेली.

म्हणून आता असं लिहिलं:
पहिली जोडी दिसली की तोड,
पुढच्यांना हात लावू नकोस.
उरलेलं स्वल्पविरामांवर सोडव.
कडेच्या मोकळ्या जागा पुसून घे.
खैरनार कधी एक स्पेस देतात, कधी चार;
कधी, मला वाटतं, मध्येच चहा येतो.

एकशे सातव्या ओळीवर पुन्हा अडलं.

लखमापूर फाटा: ६:५०, ९:०० शाळा असेल तर, पोरं दिसली तर, ५:३०

चार तुकडे, आणि तिसऱ्यात एक आकडा नाही.
फोन केला. "यातली वेळ कुठली, काका?"
"वेळच आहे ती," म्हणाले,
"तिथं ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच येतो."

अशासाठी भाषेत प्रकार नव्हता.
एक वेगळा कप्पा केला, नाव दिलं 'शेरा'.
पोरं त्यात उभी केली.

शेवटची ओळ:

बोरदरी फाटा:

पुढे काही नाही. स्पेससुद्धा नाही.
"ही काढून टाकू का?"
"गाडी बंद झाली सतरा साली.
पण नाव कशाला काढता?
गाडी नाही हे सांगायला तरी
नाव लागतंच की."

ठेवलं. प्रोग्रॅम चालवला.
दोनशे तेरा थांब्यांना आपापल्या वेळा मिळाल्या,
आणि बोरदरीपुढे पडद्यावर उमटलं

[ ]

दोन भिंती, आत बाकडंही नाही.
ऊन मात्र येत असेल, नऊच्या सुमारास.