खुर्ची

फ्लोरी तुस्कानो म्हणते, तीन म्हणजे तीन.
आधी चार किलोमीटरला थोडं कमी पोहायचं,
मग एकशे ऐंशी सायकल,
मग उरलंसुरलं अंग गोळा करून बेचाळीस पळायचं.
"तुझं काय गं कणसे,
तू एकच भाजी बारा तास ढवळतेस."

मी म्हणते, तुला मध्ये कपडे बदलायला मिळतात.
तुझ्या नंबराची पिशवी कोणीतरी सांभाळलेली असते,
तीत कोरडे मोजे, पावडर, चिक्की.
खांदे संपले की मांड्या काढतेस.
माझा मात्र पहाटे चारलाही तोच उजवा गुडघा,
नवीन काही सुचतच नाही त्याला.

सात वर्षं चाललाय हा वाद,
वरळीच्या डेअरीसमोर, सकाळी सहाला,
तिची सायकल भिंतीला टेकलेली.
त्या सायकलीच्या पैशात माझा ओटा झाला असता,
ग्रॅनाइटचा, वर चिमणीसकट.

मग एका डिसेंबरात तिनं मला पाण्यात घातलं.
मढहून, बाजूला तिच्या मावसभावाची होडी.
मी महापालिकेत पाण्याचे मीटर तपासते;
इतकं बिनमीटरचं पाणी कधी अंगावर घेतलं नव्हतं.
चहासारखं गढूळ, आपलाच हात दिसेना.
निम्म्यावर दम गेला
म्हणून जरा थांबावं, पाय टेकावेत म्हटलं,
तर खाली काही नव्हतंच.
थांबायलाही जमीन लागते
हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.
मावसभाऊ होडीतून म्हणाला, विडी न काढता,
"होडी धरा नायतर हात मारा. मधलं काय नाय."

हात मारले. रात्री ताटातला भात हलत होता.

परतफेड म्हणून फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली.
प्रियदर्शिनी पार्कचा लाल ट्रॅक,
संध्याकाळी सहा ते सकाळी सहा,
चारशे मीटरचं रिंगण, कठड्यापलीकडे तोच समुद्र,
आता आपला काही संबंध नसल्यासारखा.
रेषेपाशी प्रत्येकीला एक प्लॅस्टिकची खुर्ची.
माझीवर उकडलेले बटाटे आणि मीठ,
तिचीवर टॉवेल, आईनं तळलेल्या फुग्यांचा डबा.
उर्वी नावाची बारावीतली मुलगी
पेन्सिलीनं फेऱ्या मांडत होती.

पहिले सहा तास फ्लोरी माझ्या पुढे.
आठव्या तासाला बरोबर आली, म्हणाली,
"आता काय बदलायचं?"
काही नाही.
"काहीच?"
चार-चार तासांनी दिशा उलटी करतात, तेवढंच.
ती हसली नाही.

पावणेतीनला ती खुर्चीपाशी थबकली.
बसली नाही, पाठीवर नुसता हात ठेवला,
अनोळखी कुत्र्याच्या पाठीवर ठेवतात तसा.
"कणसे, समुद्रात खुर्ची नसते गं."
आणि बसली.

मी पुढे गेले.
पुढच्या फेरीला तिचा एक बूट निघालेला,
त्यापुढच्या फेरीला दुसराही.
नंतर डोळे मिटलेले, डबा मांडीवर.
दर साडेतीन मिनिटांनी खुर्ची येत होती,
तिची आणि शेजारी माझी,
दोन्ही सारख्याच लाल, सारख्याच खोल.
सात वर्षांचा वाद जिंकल्याचा आनंद
कुठे तरी मागे पडला असावा,
मी वळून पाहिलं नाही.
उलट वाटलं, हाक मारावी,
होडी धर नायतर हात मार.
पण मला हाकेएवढा श्वास परवडत नव्हता.

मग एका फेरीला तिची खुर्ची रिकामी.
टॉवेल तसाच. बूट नाहीत.
पुढच्या वळणावर दिव्याखाली दोन-तीन पाठी,
त्यांतली एखादी तिची असेल,
किंवा ती टॅक्सीत बसून वाळकेश्वर चढत असेल.
विचारायला थांबावं लागलं असतं.

माझ्या खुर्चीवर एक बटाटा उरला होता.
उर्वीनं मान वर न करता सांगितलं,
"कणसे मॅडम, एकशे ऐंशी."