गाडीतळ क्रमांक चौदा

उन्हाळ्याच्या या नोकरीत पहिल्याच दिवशी
मला कडा पाठ करायला लावला:
चुनखडीचा, समुद्राकडे उभा तुटलेला,
मागे जंगलाकडे मात्र हळूहळू कललेला,
एखादं जाड पुस्तक कुणी अर्धवट वाचून
पालथं टाकावं तसा.
(पुस्तकाचं माझं. माहितीपत्रकात फक्त उंची आहे.)

सकाळी धुकं.
गास्पेचं धुकं येत नाही, ते असतंच,
आपण त्यात येतो.
मग वारा फिरतो आणि एकदम किटिवेक दिसतात,
हजारांनी, वीतभर कपारीत संसार थाटून
शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडणारे,
दिवसभर स्वतःचंच नाव ओरडणारे.
खाली खडपांवर सील,
कुणी उतरवून विसरलेल्या ओल्या पोत्यांसारखे.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी एक म्हातारी खिडकीशी आली.
हातात बादली. बादलीत खुरपं.
मी म्हटलं, प्रवेशाचे आठ डॉलर.
ती म्हणाली, "कुठल्या दाराचे?"

डेल्विना ल्यूस. वय विचारलं नाही.
गाडीतळावर चौदा नंबरच्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये
ती उभी राहिली. "इथे चूल.
ती निळी गाडी आहे ना, तिथे बापाची खाट.
त्याला सांग, जरा हळू दार लावत जा."

मग तिनं हातानं किनारा दाखवला, पाहुण्यांना मी दाखवतो तसा,
फक्त तिच्या बोटापुढे माणसं होती.
तिकडे फळ्यांच्या मांडवांवर कॉडचं वाळवण,
ऊन चढलं की उलटायचं, ढग आला की झाकायचं,
पोरीबाळींचे हात मिठानं चिरलेले.
जर्सीच्या कंपनीचा कारकून मासे जोखायचा,
पैशांऐवजी पीठ द्यायचा, काकवी, दोर.
तराजू त्याचा, वहीही त्याची.
"बाप म्हणायचा, समुद्र एक वेळ चुकतो,
ती वही कधी चुकली नाही, त्यांच्या बाजूनं."

मिगमाक लोकांनी या टोकाला नाव दिलं होतं:
जमीन संपते ती जागा.
आमच्या लोकांना वाटलं, जमीन इथून सुरू होते.
"आमच्याआधी इथून कोण उठलं," ती म्हणाली,
"ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं."
आणि बराच वेळ नाक पुसत राहिली. वारा होता.

सत्तर साली पत्र आलं.
पत्रात 'निसर्ग' हा शब्द अकरा वेळा. भावानं मोजले.
घरांची किंमत लिहिली होती, अंगणांची नव्हती.
घरं जाळली तेव्हा बाप होडीत जाऊन बसला,
पाठ किनाऱ्याकडे करून.
पण उजेड पाण्यावर पडायचा तो पडलाच.

नंतर साळिंदर आले, अस्वलं आली, बर्च वाढले.
वाईट झालं असं कसं म्हणू?
मी स्वतः याच झाडांवर पोट भरतो.

कुंपणामागे लायलॅक अजून फुलतो, नसलेल्या भिंतीला टेकून.
त्याच्या बुडाशी रुबार्ब, तळव्याएवढ्या पानांचा.
आमच्या यादीत त्याच्यापुढे शेरा आहे: परकी वनस्पती.
नियम सहा: उद्यानातून काहीही उपटू नये.
डेल्विना गुडघ्यांवर बसली. खुरपं मातीत गेलं.

"आईनं लावलेला," एवढंच म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

टोपीवरचा बिल्ला मी काढला नाही.
नुसता वळलो, आणि दुर्बीण लावून
व्हेल शोधायला लागलो.
व्हेल नव्हता. पाच मिनिटं मी तो नीट बघितला.

वळलो तेव्हा बादली निघून गेली होती.
खड्डा तिनं पायानं दाबून सपाट केलेला,
वर सुकी पानं पसरलेली,
नियम तिलाही ठाऊक असावेत.

खिडकीच्या फळीवर एक लाल देठ ठेवलेला,
आणि त्याखाली आठ डॉलर, सुट्ट्या नाण्यांत.
पैसे मी गल्ल्यात टाकले, पावती फाडली,
कुणाला देणार ती.
देठ मिठाला लावून खाल्ला.
दात आंबले ते पाळी संपेपर्यंत आंबलेलेच होते,
आणि त्या दिवशी जो कुणी कड्याबद्दल विचारी
त्याला मी तोंड वाकडं करूनच
उंची सांगत होतो.