छाट

कंपाउंडरनं रिपोर्टवरचं नाव वाचलं,
"मल्लेशम गुंडेटी, साखर पेठ",
आणि हसू दाबत म्हणाला,
"साखर पेठेत राहता, मग दुसरं काय होणार?"
हे हसले नाहीत.
तीनशे बारा. आकडा दोनदा वाचला,
मागावरच्या तुटल्या धाग्याची गाठ
दोनदा चाचपावी तसा.

ज्वारी बंद. भात बंद. लग्नातली बुंदी बंद.
पुण्याहून आलेला भाचा म्हणाला,
मामा, मटण खा, अंडी खा, चरबी सोडू नका,
एकदम सोपं आहे.
सोपं त्याला, ज्याचा पगार एक तारखेला होतो.

मला हिशेब एकाच नाण्यात येतो.
एक अंडं म्हणजे पस्तीस विड्या.
अर्धा किलो पोटा-कलेजी, चारशे.
बोकडाची मुंडी, भाजून फोडून, दीड हजार,
म्हणजे दीड दिवस मांडीवर सूप आणि मान खाली.
किलोभर मटण? चार हजार.
त्याच्याकडं मी नुसती बघते,
काचेआडच्या साडीकडं बघावं तशी.

विजापूर वेशीतला मुनीर खाटीक
आता मला लांबूनच ओळखतो.
वजडीला चुना किती लावायचा, ते त्याच्या आईनं शिकवलं.
चरबीचा गोळा तो तसाच टाकतो पिशवीत, वजन न करता,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळतो,
मला आभार मानायला लागू नयेत म्हणून.

अंड्यांच्या गोडाऊनवर संध्याकाळी सातनंतर
तडकलेली अंडी निम्म्यात मिळतात.
मी एकेक उजेडाकडं धरते.
कारखान्यात चेकर माझ्या विड्या अशाच धरतो,
ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं,
आणि शेकड्यातल्या दहा बाजूला सारतो. छाट.
छाटीला पैसे नाहीत.
कोंबडीच्या छाटीला निदान भाव आहे.

श्रावणात सगळी आळी शाकाहारी झाली.
शेजारच्या राजव्वानं
आमच्या खिडकीसमोरची तुळस सरकवली.
बोलली काही नाही, नुसती सरकवली.
कोंबडीचा भाव मात्र पडला, किलोमागं साठ रुपयांनी.
देवाच्या महिन्यात देवानंच केलेली सोय, असं मी मनात म्हटलं,
आणि उपासाची शाबूदाणा खिचडी परतता परतता
दुसऱ्या हातानं यांचा रस्सा ढवळला.
मग हात धुतला.
मग पुन्हा ढवळला.

आता एकशे अठ्ठ्याऐंशी.
डॉक्टर "बघू" म्हणाले, गोळी तीच ठेवली.
पँट सैल झालीय, तिला मी सेफ्टी पिन लावलीय.
पायातल्या मुंग्या कमी झाल्या का, ते हे सांगत नाहीत,
पण रात्रपाळीहून येताना
जिन्यात थांबल्याचा आवाज येत नाही.

जेवताना मात्र अडतात.
वाटीत रस्सा, आणि हात मोकळा.
चाळीस वर्षं त्या हातात तुकडा होता.
बोटं वाटीच्या कडेला काहीतरी शोधतात,
शेवटी चमचा उचलतात, पाहुण्यासारखा.
पलीकडं राजव्वा भाकरी थापते.
भिंतीतून थप, थप, थप.
हे मान कलती करून ऐकतात,
चार मागांच्या खडखडाटात
बिघडलेला एक माग ओळखावा तसे.

माझ्या कडक भाकऱ्या डब्यात असतात,
शेंगाचटणीच्या बरणीमागं, वीस, मोजून ठेवलेल्या.
शनिवारी झाकण काढलं
तर वरच्या भाकरीचा काठ गेलेला,
करंगळीएवढा.
उंदीर इतकं नीट तोडत नाही.

आमचा चेकरही कधीमधी
एखादी आखूड विडी अंगठ्याखाली दाबतो
आणि कट्ट्यात जाऊ देतो.

मी भाकरी फिरवून ठेवली, तुटका काठ मागं,
आणि पुन्हा मोजल्या.
वीस.