अबोल

मर्काटोच्या मागच्या बोळात माझं गॅरेज, एकतीस वर्षांचं.
निळ्यापांढऱ्या लाडा टॅक्सीचं पोट
मी डोळे मिटून चाचपतो,
खोकल्यावरून सांगतो
प्लग ओला आहे की कार्ब्युरेटरात कचरा.
अर्ध्या अदिस अबाबाचं काळं तेल
माझ्या नखांत आहे.

आयनालेमनं, माझ्या मुलीनं,
कर्ज काढून चिनी गाडी आणली, बॅटरीवरची,
दोन वर्षं वापरलेली.
सवयीनं बॉनेट उघडलं.
आत एक झाकण. झाकणाखाली आणखी एक झाकण.
नारिंगी वायरी,
हात लावू नये म्हणून नारिंगी.
फडकं हातात तसंच कोरडं राहिलं.
"चालू कर," म्हटलं.
"चालूच आहे, बाबा."

वाद रोजचा, जेवणातल्या तिखटासारखा.
मी म्हणायचो, पेट्रोल डब्यातून आणता येतं,
वीज कोण डब्यातून आणतो?
ती विचारायची, परवा पंपावर किती तास होतात?
सात.
इंजिन बंद, गाडी हातानं ढकलत,
एका वेळी एका गाडीच्या लांबीइतकी.
रांगेत पत्ते रंगतात, मित्र भेटतात,
ते सात तास मी
कधी हिशेबात धरलेच नव्हते.

मग देब्रे बिरहानहून निरोप आला,
थोरले मामा गेले.
माझी टाकी कोरडी, पंपावर दोरी बांधलेली.
तिच्या काचेवर नव्वद टक्के.
एकशेतीस किलोमीटर, आणि सगळा चढच.

मागे तीन मावश्या, मांडीवर इंजेराची टोपली.
सेन्दाफापर्यंत मी गप्प.
पुढे आकडा उतरायला लागला
गळक्या मडक्यातल्या पाण्यासारखा.
तिनं हीटर बंद केला.
मावश्यांनी पांढऱ्या नेतेला डोक्यावरून ओढल्या,
धाकटीनं विचारलं, "थंडी पण बॅटरी खाते का गं?"
कुणी उत्तर दिलं नाही.
पोचलो तेव्हा एकोणतीस.

रात्री शोकाच्या तंबूतल्या दिव्यांच्या वायरीतून
आमची एक वायर निघाली, अंगण ओलांडून, गाडीपर्यंत.
वीज दोनदा गेली.
दोन्ही वेळा मी जागा होतो,
आणि खोटं कशाला बोलू,
दोन्ही वेळा मला थोडं बरं वाटलं.

सकाळी पन्नासही झाले नव्हते.
"अजून थोडं," आयनालेम म्हणाली.
मामी निखारे फुलवत बसली, कॉफी भाजली, कुटली.
पहिल्या वाटीला आमच्याकडे अबोल म्हणतात.
ती आम्ही तशीच प्यायलो, न बोलता.
दुसरी टोना. इथंच पाहुणे उठतात,
मीही नेहमी इथंच उठत आलो,
बाहेर इंजिन तापत ठेवलेलं असायचं.
तिसरी बेरेका, आशीर्वादाची, पाण्याइतकी फिकी.
त्या वाटीवर मामी सहज बोलून गेली,
तुझ्या पहिल्या पान्यांच्या संचासाठी
त्यांनी दुभती शेळी विकली होती. तुला माहीत नव्हतं?

मला माहीत नव्हतं.

त्रेपन्नवर निघालो.
चाचानंतरच्या लांब उतारावर तिनं पाय उचलला
आणि काचेवर चोपन्न आलं.
मी डोळे चोळले.
"उतार परत देतो," ती म्हणाली,
"सगळं नाही. थोडं."
याच उतारावर तीस वर्षं
मी ब्रेक जाळत आलो, तो वास ओळखीचा आहे.
लाडानं कधी काही परत केलं नाही,
मी तरी कुणाचं उसनं फेडलंय.

मावश्या झोपल्या. गाडी इतकी शांत
की टोपलीची काडी करकरलेली ऐकू येत होती.
आणि मग, खड्ड्यामागून, टक्.
पुन्हा. टक्.
मी खिडकी खाली केली, डोळे मिटले.
"पुढचं डावं चाक," म्हटलं,
"बॉल जॉइंट सैल झालाय.
सोमवारी गॅरेजला आण."